तीन बादल्या वाळू

'कुठलीही चालेल' हे शब्द ऐकले की गेर्लोफ हाम्स्ट्रा सावध व्हायचा. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्याची उभी हयात गेली होती. जगातली निम्मी घरं 'कुठलाही चालेल' म्हणून बसवलेल्या नळांमुळे बुडतात, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे मार्च महिन्यात त्याचे सासरे एव्हर्ट ब्लांकेस्टाइन यांनी आपली काचेची टाकी त्याच्या हवाली केली, आणि "बाबा, तळाला वाळू कुठली घालू?" या प्रश्नाला "नदीची, धुतलेली. कुठलीही." एवढंच उत्तर दिलं, तेव्हाच खरं तर सगळं बिघडलं होतं. कळायला मात्र नोव्हेंबर उजाडला.

टाकी म्हणजे चार रंगीत मासे सोडलेलं खोकं नव्हे. आमच्या हॉलंडात टाकीत मासे असतात ते नावापुरते. खरी असते ती पाण्याखालची बाग. बुटकी रोपं पुढे, उंच रोपं मागे, मधून एखादी हिरवी गल्ली तिरकी आत गेलेली, आणि हे सगळं इतकं दाट की तळ दिसता कामा नये. अशा बागांच्या स्पर्धा असतात आणि परीक्षक त्या बघायला घरी येतात. चांगले कोट घालून येतात, टाकीसमोर खुर्च्या मांडून बसतात, पाणी तपासतात, आणि मग यजमानाच्या तोंडावर, त्याचीच कॉफी पीत, त्याचं काय काय चुकलं ते सांगतात. एव्हर्टच्या टाकीपुढे बसून गेलेल्या परीक्षकांना मात्र सांगायला फारसं काही सापडत नसे. जिल्ह्यात त्यांच्या बागेचं नाव होतं.

पण गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला, आणि एव्हर्टना कालव्यापलीकडच्या म्हाताऱ्यांसाठीच्या सदनिकेत जावं लागलं. तिथल्या नियमांत एका पिवळ्या पक्ष्याला परवानगी होती, एवढ्या पाण्याला नव्हती. तेव्हा टाकी आली गेर्लोफच्या दिवाणखान्यात, आणि रोपं मुळांसकट उपटून आली तीन बादल्यांत, मागच्या अंगणात.

आणखी एक गोष्ट होती. ती एव्हर्टनी कॉफी ढवळता ढवळता सांगितली, उद्यापासून बसची वेळ बदलणार आहे म्हणून सांगावं तशी.

"डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, मधलं जाणार. कडेकडेचं थोडं राहील. हिवाळ्यापर्यंत काय ते."

हेस्टर, म्हणजे गेर्लोफची बायको आणि एव्हर्टची एकुलती एक मुलगी, तिथेच खुर्चीत बसली.

"रडू नकोस गं. कान आहेत अजून," एव्हर्ट म्हणाले. मग जावयाकडे वळले. "जावईबापू, उन्हाळ्यात ती बाग उभी करा. मला एकदा नीट बघायचीय. माझ्या लाल लुडविगियासकट. मग काय जायचं ते जाऊ दे."

लाल पानांची ही लुडविगिया म्हणजे एव्हर्टचा जीव. कुणा मित्राने दिलेल्या एका काडीपासून त्यांनी ती वाढवली होती, आणि तिचा तसला लाल रंग जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. बादलीत रोपं महिनाभर तग धरतील, फार तर दोन, असंही ते जाता जाता म्हणाले.

गेर्लोफने शब्द दिला, आणि मनापासून दिला. यात त्याचा थोडा स्वार्थही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. घरात कुणाचाही वाढदिवस असला की आमच्याकडे खुर्च्या गोलात मांडतात, केकचा तुकडा हातात येतो, आणि प्रत्येकजण प्रत्येकाचं अभिनंदन करतो. अशा गोलात एव्हर्ट त्याची ओळख वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने करून देत आले होते: "हा हेस्टरचा नवरा." त्यात अपमान काही नव्हता. माहिती अचूकच होती. पण गेर्लोफला वाटे, या माणसाला आपलं नाव कधीतरी घ्यावंसं वाटावं. आता ती संधी तीन बादल्यांत भरून अंगणात आली होती. ती काय 'कुठल्याही' वाळूवर उभी करायची?

त्याने अभ्यासाला सुरुवात केली. वाळू जाड असेल तर मुळांना धरायला काही राहत नाही. बारीक असेल तर ती घट्ट बसते, खाली हवा जात नाही, आणि तळाशी काळं सडतं. पांढरी वाळू डोळ्यांत खुपते, काळीत मासे फिके दिसतात. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळला की पाणी जड होतं आणि रोपं रुसतात. एवढं कळल्यावर शहाणा माणूस पुस्तक मिटून नदीची वाळू घेऊन आला असता. गेर्लोफने अकरा प्रकारच्या वाळूचे नमुने जमवले, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत भरले, आणि उजेडात रंग कळावा म्हणून समोरच्या खिडकीत ओळीने मांडले.

आता आमच्या गल्लीत खिडक्यांना पडदे लावायची रीत नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा कशाला, असा आमचा सरळ हिशेब. येणारा-जाणारा आत बघतो, बघितलेलं लक्षात ठेवतो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या रीटबाई दारात उभ्या, हातात ट्यूलिपचा गुच्छ, चेहरा पडलेला.

"गेर्लोफ, मला कुणी बोललंच नाही रे. कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

रीटबाईंनी खिडकीतल्या बरण्यांकडे हळूच बोट दाखवलं. "एवढे सगळे एकदम?"

ती राख नाही, वाळू आहे, हे पटवायला त्याला एक बरणी उघडून त्यांच्या तळहातावर ओतावी लागली. पटल्यावर रीटबाईंचं दुःख ओसरलं आणि त्याची जागा मतांनी घेतली. त्यांच्या मते तिसऱ्या बरणीतली घ्यावी, कारण ती त्यांच्या बैठकीच्या गालिच्याला जुळत होती. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली मत देऊन गेली. पोस्टमनचंही मत होतं. ट्यूलिप मात्र रीटबाई परत घेऊन गेल्या, कुणी गेलेलंच नव्हतं म्हणून.

इतकी मतं झाल्यावर गेर्लोफला वाटलं, हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवावा. तो एव्हर्टच्या जुन्या मत्स्यमंडळात गेला. तिथले अध्यक्ष लुबेर्ट म्हणजे पांढऱ्या दाढीचे शांत गृहस्थ. त्यांनी प्रश्न लक्षपूर्वक ऐकला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "याला समिती हवी."

आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मतं मोजत नाही. हात वर करून दहाविरुद्ध आठने काही ठरवणं आम्हाला असभ्य वाटतं, कारण मग त्या आठांनी घरी जाऊन करायचं काय? आम्ही सगळ्यांना पटेपर्यंत बसतो. समुद्र हटवून जमीन केली तीही अशीच, बसून. वाळू समिती बसली. पहिल्या बैठकीत पुढची बैठक कधी घ्यायची ते ठरलं. दुसरीत वाळू म्हणजे काय, कणाची जाडी किती झाली की तिला खडी म्हणायचं, यावर चर्चा झाली. प्रत्येक बैठकीला कॉफी आणि एक बिस्कीट. डबा फिरला की झाकण बंद. गेर्लोफला समितीचा चिटणीस केलं होतं. त्याला आयुष्यात कुणी चिटणीस केलं नव्हतं, तेव्हा तो भलताच खुलला.

एव्हर्टचा फोन येई.

"लावली का?"

"समिती बसलीय, बाबा."

"समिती बसू दे. रोपं बसलीत का, ते सांग."

"तुम्हीच शिकवलंत ना, पाया नीट हवा म्हणून."

"मी असलं काही शिकवलेलं नाही. मी सांगितलं, कुठलीही घाल." मग त्याच सुरात: "वर्तमानपत्रातले मथळे वाचता येतात अजून. मजकूर नाही येत."

गेर्लोफ म्हणाला, "आता फार तर दोन बैठका."

लुबेर्टना घाई बिलकूल मंजूर नव्हती. "हे बघ, एव्हर्टची बाग म्हणजे मंडळाची शान. उद्या काही बिघडलं तर कुणी असं म्हणायला नको की मला विचारलं नव्हतं." हे गेर्लोफला इतकं पटलं की त्याने ते घरी हेस्टरला दोनदा ऐकवलं. हेस्टर तेव्हा अंगणात बादल्यांतलं पाणी बदलत होती. तिने दोन्ही वेळा पुढची बादली ओढली.

जुलैमध्ये सगळ्यांना पटलं. म्हणजे, जाड वाळूवाल्यांना जाड हवी होती, बारीकवाल्यांना बारीक, तेव्हा दोन्ही अर्धी अर्धी मिसळायची असं ठरलं. ते एकालाही आवडलं नाही, त्यामुळे कुणी जिंकलंही नाही, आणि सगळे समाधानाने उठले. अट एकच: वाळू ताजी, थेट नदीवरून, बांधकामाचा माल पुरवणाऱ्याकडून घ्यायची. दुकानातल्या पिशवीत काय असेल कुणी सांगावं?

माल पुरवणारा तीन बादल्या वाळू विकत नसे. तो विके ती पोत्याने, आणि त्याचं पोतं म्हणजे माणूस उभा आत मावेल एवढं. ट्रक आला, यारीने ते पोतं उचललं, गेर्लोफच्या दारासमोर गाड्या लावायच्या जागेत ठेवलं आणि निघून गेला. जाड वाळूचं एक. त्यामागून दुसरा ट्रक आला. बारीकचं एक.

सार्वजनिक रस्त्यावर माल ठेवायला नगरपालिकेची परवानगी लागते. आमचं वेस्टरवेन गाव भुसभुशीत दलदलीवर वसलेलं आहे आणि हळूहळू खचत असतं. दर काही वर्षांनी अंगण बोटभर बुडालं की लोक वाळू आणतात, फरशा उचलतात, खाली भर घालतात, पुन्हा फरशा बसवतात. त्यामुळे नगरपालिकेच्या लेखी वाळूचा उपयोग एकच: अंगण उचलणे. अर्जात तेवढाच चौकोन होता. गेर्लोफने 'इतर' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पुढे खरं कारण दिलं. पालिकेतल्या बाईंचा फोन आला.

"हाम्स्ट्रा, दोन पोती वाळू माशांसाठी?"

"रोपांसाठी. मासे थोडेच आहेत."

"टाकी केवढी आहे?"

"दीड मीटर."

"खोल?"

"लांब."

बाईंनी सुस्कारा टाकला. "असं करा, अंगणासाठी म्हणा. आत्ताच्या आत्ता परवानगी देते."

"पण ते खोटं होईल."

"थोडंसं."

"मी विम्यात आहे, बाई," गेर्लोफ म्हणाला. अशा वाक्यांचा त्याला अभिमान असे. परिणामी प्रकरण वरच्या टेबलावर गेलं. इतकं वजन घरात न्यायचं म्हणजे जमीन खचेल का, ते बघायला माणूस येईल, तोवर मालाला हात लावू नये, असा केशरी कागद दोन्ही पोत्यांवर चिकटवण्यात आला.

गेर्लोफने हात लावला नाही. मांजरांनी लावला. गल्लीतल्या मांजरांना त्या उन्हाळ्यात असं शौचालय मिळालं, जे त्यांच्या सात पिढ्यांना मिळालं नसेल. आणि मग एका सकाळी रीटबाई हातगाडी घेऊन आल्या.

"तुला तीनच बादल्या हव्यात ना? मग बाकीची काय पावसात घालवायची? माझं मागचं अंगण पार बसलंय."

"त्यावर कागद आहे, रीटबाई."

"तो कागद तुझ्यासाठी आहे. माझ्यावर कुठे चिकटवलाय?"

रीटबाईंनी नेली, मग समोरच्यांनी नेली, मग कोपऱ्यावरच्यांनी दोन्ही मिसळून नेली. कुणी चोरून नेली नाही. प्रत्येकाने बेल वाजवून, आभार मानून नेली. पालिकेचा माणूस टेप घेऊन आला तेव्हा पोत्यांच्या तळाशी उरली होती ती मांजरांच्या वाट्याची. त्याने परवानगी दिली. शिवाय, गल्लीतली सगळी अंगणं बोटभर उंच झाल्यामुळे पुढच्या पावसाचं पाणी आता गेर्लोफच्या अंगणात उतरेल, असंही जाता जाता कळवलं. ते तसंच उतरलं. तिथे बादल्या होत्या.

पाऊस ओसरल्यावर गेर्लोफ बाहेर गेला. बादल्या कलंडल्या होत्या. बरीच रोपं पाण्याच्या डबक्यात पडली होती, ती त्याने वेचून घेतली. लाल लुडविगिया होती त्या बादलीत तपकिरी काड्या आणि चिखलासारखं काहीतरी होतं. ती पावसाने गेली नव्हती. ती त्याआधीच, कधीतरी, दोन बैठकांच्या मध्ये सडून गेली होती. त्याने काड्या एक एक करून बोटांत धरून बघितल्या. सगळ्या मऊ होत्या. तो ऑगस्ट महिना होता.

त्याने हे एव्हर्टना सांगितलं नाही. सांगायचं तर समितीचंही सांगावं लागलं असतं, मांजरांचंही, आणि प्रत्येक गोष्ट सांगताना तो किती बावळट दिसला असता ते त्याला आधीच दिसत होतं. त्याने लुबेर्टना विचारलं. लुबेर्ट म्हणाले, या नव्या परिस्थितीवर एक बैठक घेऊ.

त्या दिवशी हेस्टर सायकल काढून गेली आणि दुकानातून नदीच्या धुतलेल्या वाळूच्या पिशव्या घेऊन आली. कुठल्या कंपनीच्या, हेही तिने वाचलं नाही.

"पण समितीने—"

"गेर्लोफ, तोंड उघडलंस ना, तर ही वाळू तुझ्या डोक्यावर ओतेन."

तिने टाकीत वाळू पसरली, पाणी भरलं, आणि लहानपणी बापाशेजारी स्टुलावर बसून बघितलं होतं तसं एक एक रोप लावायला घेतलं. गेर्लोफने वाळू समान करण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्याचा हात बाजूला केला. रोपं हळूहळू धरली. सप्टेंबरात पानं आली, ऑक्टोबरात टाकीतली गल्ली भरली. एव्हर्ट म्हणत होते, आता मला बोलव, पण गेर्लोफच म्हणायचा, अजून थोडं दाट होऊ दे, बाबा, घरपरीक्षा आहे नोव्हेंबरात, त्याच दिवशी या. खरं म्हणजे त्या लाल जागी दुसरं काही लाल मिळतं का, ते तो शोधत होता. मिळालं नाही.

परीक्षेच्या दिवशी हेस्टर वडिलांना हाताला धरून घेऊन आली. उंबऱ्यापाशी त्यांनी पाऊल आधी चाचपून मग टाकलं. ते दिवाणखान्यात आले आणि मान थोडी तिरकी करून उभे राहिले, डोळ्याच्या कडेने काही मिळतं का बघत.

"उजेड कळतो," ते म्हणाले. "हिरवं आहे. बरंच हिरवं आहे." मग जावयाच्या दिशेने: "लाल आलीय का वर?"

पालिकेला साधं अंगण म्हणून लिहून न देणारा गेर्लोफ म्हणाला, "आलीय, बाबा. छान आलीय."

हेस्टरने त्याच्याकडे बघितलं आणि वडिलांना खुर्चीत बसवलं.

परीक्षक दोन होते. त्यांतल्या डेर्क्सेनबाई बोलणार होत्या. वयाने मोठ्या, पाठ ताठ, आवाज स्वच्छ. तासभर त्या टाकीपुढे बसल्या, पाणी काढून तपासलं, चष्मा बदलून बघितलं. मग कॉफीचा कप खाली ठेवला.

"रोपं निरोगी. मागची उंची चांगली. गल्ली डावीकडून आत जाते ती सुरेख आहे, माझ्या मते या वर्षीची सगळ्यात चांगली."

गेर्लोफचे कान तापले. लुबेर्ट कोपऱ्यात मान डोलावत होते. ही गल्ली समितीची होती, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"मोठा दोष एकच. लाल गट नाही. उजवीकडे ती जागा रिकामी ठेवल्यासारखी दिसते, तिथे हिरवंच भरलंय. डोळा थांबायला काही नाही."

आमच्याकडे परीक्षक खोटं बोलत नाहीत. आजारी माणसापुढेही नाही, यजमानापुढेही नाही.

"बाई," एव्हर्ट शांतपणे म्हणाले, "तुम्हाला नीट दिसलं नसेल. उजवीकडेच आहे. आमच्या गेर्लोफने लावलीय ती."

डेर्क्सेनबाई उठल्या, पुन्हा टाकीजवळ गेल्या, वाकून बघितलं. "नाही हो, ब्लांकेस्टाइन. तिथे नाही."

"असणार," एव्हर्ट म्हणाले. "तो कशाला खोटं सांगेल?"

बाईंनी गेर्लोफकडे बघितलं. गेर्लोफने हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही.

"नाहीये, बाबा," तो म्हणाला. "गेली ती. बादलीतच सडली. माझं वाळूचं ठरत नव्हतं."

एव्हर्ट वळले नाहीत. चेहरा टाकीकडेच होता.

"कधी गेली?"

"ऑगस्टमध्ये लक्षात आलं."

"ऑगस्टमध्ये मला दिसत होतं," एव्हर्ट म्हणाले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर गेर्लोफला काहीतरी करता आलं असतं. डेर्क्सेनबाईंनी आपला चष्मा डब्यात घातला. लुबेर्टना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

मग एव्हर्टनी हात पुढे केला. "हेस्टर, इथे बस. डावीकडून सुरू कर आणि काय काय आहे ते सांग मला. घाई करू नकोस."

हेस्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली आणि सांगू लागली, पुढच्या ओळीत काय, मागे काय, कुठल्या पानावर नवं टोक आलंय, कुठला मासा गल्लीत शिरलाय. एव्हर्ट डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच एखादं नाव आपणहून सांगत होते. एका बुटक्या रोपाशी ती अडली. "हे काय बरं? गेर्लोफ, याचं नाव काय?"

गेर्लोफ पुढे झाला, काचेपाशी वाकला. त्याला माहीत नव्हतं. त्या रोपाच्या खाली काय होतं, ते त्याला कणाच्या जाडीसकट सांगता आलं असतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.